स्वतः तोडा, स्वतः न्या : फळमळ्याच्या सहलीचा हिशेब

थंडीचे दिवस सुरू झाले, की वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीकडे जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते. घाटमाथा ओलांडला, की रस्त्याच्या दोन्ही अंगांस लाल मातीचे गादीवाफे, त्यांवर अंथरलेले प्लॅस्टिकचे आच्छादन आणि त्यातून डोके वर काढणारी स्ट्रॉबेरीची हिरवीगार रोपे दिसू लागतात. काही मळ्यांच्या तोंडाशी आता एक पाटीही लावलेली आढळते : ‘आत या, स्वतः तोडा.’ मुलांच्या आग्रहास्तव मोटार थांबते. हातात टोपली मिळते. अर्ध्या तासाने लालचुटूक फळांनी भरलेली ती टोपली काट्यावर चढते आणि रक्कम ऐकताच कुटुंबप्रमुखाच्या कपाळाला आठी पडते. फळ तर थेट मळ्यातले. मध्ये ना अडत्या, ना किरकोळ विक्रेता. तोडण्याचे श्रमही आपलेच. मग ते बाजारापेक्षा स्वस्त का नाही?

प्रश्न साहजिक आहे. त्याच वेळी काट्यापलीकडे उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मनातही एक प्रश्न असतो. एवढी माणसे मळ्यातून फिरून गेली, त्यात आपल्याला नेमके काय उरले? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच हिशेबात दडलेली आहेत. तो हिशेब दोन्ही पक्षांनी समजून घेतला, तर ग्राहकाची फसगत झाल्याची भावना आणि शेतकऱ्याचा तोटा या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत.

पद्धतीचा उगम

ग्राहकाने स्वतः मळ्यात येऊन फळ तोडावे आणि वजनावर पैसे देऊन न्यावे, ही पद्धत अमेरिकेत १९३० ते १९५० च्या दरम्यान रूढ झाली. मंदीच्या काळात आणि पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर फळांचे भाव इतके घसरले, की तोडणी, भरणी व वाहतूक यांचा खर्चही निघेनासा झाला. तेव्हा बागायतदारांनी मळ्याची दारे ग्राहकांना उघडी केली. ग्राहक तोडणीचे श्रम करू लागला आणि त्या बदल्यात त्याला फळ स्वस्त मिळू लागले. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९६० नंतरच्या दोन दशकांत फोफावली. तेथील गृहिणी मुरंबे, जॅम आणि हिवाळ्याची बेगमी यांसाठी एका खेपेस भरपूर फळ नेत. मळ्यात येण्याचा मूळ हेतू काटकसर हा होता. करमणूक ही त्यामागून आलेली गोष्ट.

जपानमध्ये याच पद्धतीने वेगळे वळण घेतले. तेथे हरितगृहातील स्ट्रॉबेरीच्या मळ्यात माणशी ठरावीक शुल्क आकारले जाते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या मुदतीत हवी तेवढी फळे तेथेच खाण्याची मुभा असते. हंगामाच्या आरंभी, म्हणजे जानेवारीत, हे शुल्क अधिक असते आणि मे महिन्याकडे जाता जाता ते उतरत जाते. येथे ग्राहक फळाच्या वजनापेक्षा वेळेचे व अनुभवाचे मोल देतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती या दोहोंच्या मधली आहे. आपल्याकडे ही पद्धत भाव कोसळल्यामुळे आलेली नाही. ती पर्यटनाचे बोट धरून आली आहे. मळ्यात येणारा बहुसंख्य ग्राहक हा सहलीसाठी घराबाहेर पडलेला असतो. त्याला वर्षाच्या बेगमीसाठी वीस किलो फळ न्यायचे नसते. किलो, दोन किलो फळ आणि मुलांनी रोपावरून फळ खुडल्याचा आनंद एवढेच त्याला हवे असते. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतील ‘स्वतः तोडा म्हणजे स्वस्त मिळेल’ हे गणित येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे मोजलेल्या रकमेचे दोन भाग असतात. एक फळाची किंमत आणि दुसरा सहलीची किंमत. हे दोन भाग वेगळे केले नाहीत, म्हणजे घोटाळा होतो.

फळ नाजूक, पीक खर्चिक

ब्रिटिश अमदानीत महाबळेश्वरच्या थंड हवेत रुजलेले हे पीक आज सातारा जिल्ह्यातील डोंगराळ भागाची ओळख बनले आहे. २०१० मध्ये ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. देशातील स्ट्रॉबेरी उत्पादनाचा फार मोठा हिस्सा याच पट्ट्यातून येतो. ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून २०१७ पासून प्रसिद्धीस आलेले भिलार हेही मुळात स्ट्रॉबेरीचेच गाव आहे.

या फळामागील खर्च मात्र सहजासहजी डोळ्यांत भरत नाही. लागवडीसाठी मातृरोपे परदेशातून मागविली जातात. उन्हाळ्यात व पावसाळ्यात रोपवाटिकेत त्यांची निगा राखून त्यांच्या धावत्या फुटींपासून नवी रोपे तयार करण्यात येतात. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ती गादीवाफ्यांवर लावली जातात. ठिबक सिंचनाच्या नळ्या, आच्छादनाचा कागद, खते, औषध फवारणी हे सारे दर हंगामास नव्याने करावे लागते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फळ हाती येऊ लागते आणि एप्रिलच्या सुमारास हंगाम आटोपतो. वर्षभराच्या खर्चाची भरपाई या चार-पाच महिन्यांतच व्हावयाची असते. एखाद्या अवकाळी पावसाने आठवड्याची तोड वाया जाऊ शकते.

त्यातून हे फळ अत्यंत नाशवंत. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि साल अशी नसतेच. आंबा किंवा केळे तोडल्यानंतरही पिकते. स्ट्रॉबेरी तशी पिकत नाही. झाडावर असताना जेवढी गोडी उतरली असेल तेवढीच. मुंबईच्या बाजारात पाठवावयाचे फळ प्रवास सोसावा म्हणून पूर्ण रंग भरण्याआधीच तोडावे लागते. मळ्यात येणाऱ्या ग्राहकाला मात्र पूर्ण पिकलेले, गोडी भरलेले फळ मिळते. बाजारातील फळ आणि मळ्यातील फळ यांच्या दराची तुलना करताना हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे. अर्थात पूर्ण पिकलेले फळ तितक्याच लवकर उतरते, ही त्याची दुसरी बाजू.

ग्राहकाचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर मळ्यागणिक आणि हंगामागणिक बदलतात. पुण्यातील चार माणसांचे एक कुटुंब मोटारीने महाबळेश्वर परिसरातील एका मळ्यावर गेले, असे समजू. पुणे ते महाबळेश्वर अंतर सुमारे १२० किलोमीटर. जाऊन-येऊन २४० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर या हिशेबाने १६ लिटर इंधन लागेल. लिटरचा दर १०० रुपये धरल्यास इंधनाचे १,६०० रुपये झाले. मळ्याचे प्रवेशशुल्क माणशी ५० रुपये, म्हणजे २०० रुपये. दोन किलो फळे तोडली, किलोचा दर ४०० रुपये, म्हणजे ८०० रुपये. परतीच्या प्रवासात मोटारीच्या मागच्या कप्प्यात उन्हाने व धक्क्यांनी अर्धा किलो फळ नासले. घरी खाण्याजोगे दीड किलो उरले.

आता या दीड किलोचा दर काय पडला? काट्यावरील ८०० रुपयेच हिशेबात धरले, तरी किलोमागे सुमारे ५३३ रुपये पडले. म्हणजे केवळ निष्काळजीपणे फळ नेल्यामुळे ४०० चा दर ५३३ वर गेला. प्रवेशशुल्क मिळविल्यास तो ६६७ रुपये होतो. इंधनाचा खर्चही फळावरच टाकला, तर तो १,७३३ रुपयांवर जातो. वाटेतील पथकर, चहा-फराळ आणि दिवसाचे भोजन यांत धरलेलेच नाही.

या आकड्यांकडे पाहून कोणी म्हणेल, की हा व्यवहारच आतबट्ट्याचा. परंतु हे अनुमान घाईचे होईल. कुटुंब पाचगणी-महाबळेश्वर पाहण्यास निघाले असेल आणि वाटेत मळ्यावर थांबले असेल, तर इंधनाचा खर्च फळावर टाकणे उचित नाही. तो सहलीचा खर्च होय. उलट निव्वळ स्ट्रॉबेरी आणण्यासाठी कोणी पुण्याहून मोटार काढणार असेल, तर त्याने हा खर्च फळावरच धरावा आणि मग घराजवळच्या मंडईतील फळाशी तुलना करावी. स्वस्त फळ मिळविण्याचा तो मार्ग नव्हे, हे त्याला तत्काळ उमजेल.

प्रवेशशुल्काचेही तसेच आहे. चौघांनी तोडता तोडता प्रत्येकी १०० ग्रॅम फळे खाल्ली, तर ४०० ग्रॅमची किंमतच १६० रुपये होते. म्हणजे २०० रुपयांच्या शुल्कातील मोठा भाग पोटातच गेला. उरलेल्या ४० रुपयांत मोटार उभी करण्यास जागा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि मळ्यात सोबत फिरणारा माहीतगार माणूस यांचा समावेश असेल, तर ते महाग म्हणता येणार नाही. जेथे यांपैकी काहीच नसते आणि खाण्यासही मनाई असते, तेथे मात्र ग्राहकाने शुल्काविषयी विचारणा करणे गैर नाही.

थोडक्यात, ग्राहकाच्या हातात असलेली सर्वांत मोठी बचत दराच्या घासाघिशीत नाही. ती नासाडी टाळण्यात आहे. दोन किलोंपैकी अर्धा किलो वाचविला, तर किलोमागे १३३ रुपये वाचतात. एवढी सूट कोणताही शेतकरी घासाघीस करून देणार नाही आणि त्याला ती परवडणारही नाही.

शेतकऱ्याचा हिशेब

आता काट्याच्या पलीकडे जाऊ. येथेही आकडे उदाहरणादाखलच आहेत. समजा, मुंबईच्या बाजारात या फळाला किलोमागे २०० रुपये मिळतात आणि तोडणी, प्रतवारी, पनेटमध्ये भरणी, खोकी व वाहतूक मिळून ५० रुपये खर्च होतात. शेतकऱ्याच्या हाती १५० रुपये राहिले. रविवारी मळ्यावर १०० माणसे आली आणि त्यांनी ४०० रुपये दराने ५० किलो फळ नेले, तर २०,००० रुपये जमा झाले. हेच ५० किलो बाजारात पाठविले असते, तर ७,५०० रुपये हाती आले असते. पहिल्या नजरेत हा लाभ डोळे दिपविणारा वाटतो.

परंतु १०० माणसे मळ्यात शिरली, की काही खर्च आपोआप उभे राहतात. देखरेखीसाठी तीन माणसे लागली, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे १,५०० रुपये. प्रत्येकाने १०० ग्रॅम फळ खाल्ले, म्हणजे १० किलो. बाजारभावाने त्याचे १,५०० रुपये झाले. तुडविलेली, कच्ची तोडून टाकलेली किंवा अर्धवट कुरतडून वाफ्यात फेकलेली फळे आणखी १० किलो, म्हणजे १,५०० रुपये. लोक गेल्यावर वाफे साफ करण्यास दोन मजूर, म्हणजे १,००० रुपये. पाणी, स्वच्छतागृहाची सफाई, वाहनतळ यांसाठी १,००० रुपये. एकूण ६,५०० रुपये. ते वजा जाता शेतकऱ्याला १३,५०० रुपये उरले. बाजाराच्या तुलनेत ६,००० रुपयांचा लाभ झाला.

आता त्याच १०० माणसांनी छायाचित्रे काढली, मनमुराद फळे खाल्ली आणि सर्वांनी मिळून केवळ २० किलोच नेली, असे समजू. जमा ८,००० रुपये, खर्च तोच ६,५०० रुपये. हाती उरले १,५०० रुपये. ते २० किलो फळ बाजारात गेले असते, तर ३,००० रुपये मिळाले असते. मळा माणसांनी फुलला, पण शेतकरी बुडाला. या उदाहरणात बाजाराशी बरोबरी होण्यासाठी १०० माणसांनी मिळून किमान २६ किलो, म्हणजे माणशी पाव किलोहून थोडे अधिक फळ विकत घेणे आवश्यक आहे. माणशी ५० रुपये प्रवेशशुल्क घेतले, तर ५,००० रुपये जमा होऊन हा धोका बहुतांशी टळतो. प्रवेशशुल्क ही नफेखोरी नाही. ते एक प्रकारचे संरक्षण आहे, हे यावरून स्पष्ट होईल.

काही हानी तर त्या दिवशीच्या हिशेबात येतच नाही. स्ट्रॉबेरीचे फूल उमलल्यापासून फळ पिकण्यास सुमारे महिना लागतो. आज कोणाच्या पायाखाली फुलांचा तुरा चिरडला गेला, तर त्याची तूट महिन्यानंतरच्या तोडीत जाणवते. पाने बाजूला सारून पाहण्याची सवय नसल्याने नवखा माणूस वरचीच फळे तोडतो. खालची पिकलेली फळे तशीच राहतात, नासतात आणि त्यांवर राखाडी बुरशी धरते. ती शेजारच्या निरोगी फळांवर पसरावयास वेळ लागत नाही. याकरिता लोकांनी तोडणी केलेल्या वाफ्यांवरून त्याच दिवशी कसबी मजुरांचा हात फिरणे अत्यावश्यक ठरते. तोडणीची मजुरी वाचली, असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यातील काही भाग साफसफाईच्या रूपाने पुन्हा द्यावा लागतो.

फवारणीचा प्रश्न याहून गंभीर आहे. मळ्यात येणारा ग्राहक फळ न धुताच तोंडात टाकतो. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवसांचे अंतर राखावयाचे, हे नमूद केलेले असते. ते दिवस उलटेपर्यंत मळ्याचा तो भाग ग्राहकांना पूर्णपणे बंद ठेवणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य आहे, मग तो रविवार असो वा नाताळची सुटी. मळ्याचे दोन-तीन भाग पाडून आळीपाळीने ते खुले केल्यास ही अडचण सुसह्य होते.

शुल्काच्या तीन रीती

या व्यवहारात शुल्क आकारण्याच्या तीन रीती संभवतात. पहिलीत प्रवेशशुल्क वेगळे आणि तोडलेल्या फळाचे वजनावर पैसे वेगळे घेतले जातात. दुसरीत प्रवेश विनामूल्य असतो, परंतु ठरावीक वजनाचे फळ घेणे बंधनकारक असते. तिसरी रीत जपानी पद्धतीची. माणशी एकच रक्कम, ठरावीक वेळ, खाल तेवढे खा, बाहेर न्यावयाचे असल्यास वेगळे पैसे.

पहिल्या रीतीत शेतकरी सुरक्षित राहतो, मात्र दोनदा पैसे मोजल्याची भावना ग्राहकाला टोचते. प्रवेशशुल्काची रक्कम खरेदीतून वळती करून दिल्यास ही टोचणी नाहीशी होते आणि ग्राहकही थोडे अधिक फळ घेण्यास प्रवृत्त होतो. दुसरी रीत कुटुंबांना मानवते, पण शाळेच्या सहलींना गैरसोयीची पडते. पन्नास मुलांनी प्रत्येकी अर्धा किलो फळ घ्यावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. अशा सहलींसाठी तिसरी रीत सोयीची. शिक्षकांना खर्च आधीच ठाऊक असतो आणि शेतकऱ्यालाही किती वाफे मोकळे ठेवावयाचे, ते ठरविता येते.

रीत कोणतीही असो, ती मळ्याच्या प्रवेशद्वारावरच मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेली असावी. प्रवेशशुल्क किती, फळाचा दर काय, खाण्यास मुभा आहे की नाही, कच्चे फळ तोडल्यास त्याचेही पैसे द्यावे लागतील काय, टोपलीचे वजन वजा होते काय, या पाच गोष्टी फलकावर आल्या, की काट्यावरील बहुतेक तंटे उद्भवतच नाहीत. काटा वैधमापन यंत्रणेकडून पडताळून मुद्रांकित केलेला असावा. चारशे रुपये किलोच्या फळात ५० ग्रॅमची टोपली वजनात धरली गेली, तर ग्राहकाचे २० रुपये जातात. रक्कम लहान असली, तरी विश्वासाला गेलेला तडा लहान नसतो.

प्रत्येक फळास ही रीत मानवत नाही

स्ट्रॉबेरीचे यश पाहून अन्य फळांच्या बागायतदारांनाही असा उपक्रम सुरू करावासा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, प्रत्येक फळाचा स्वभाव निराळा. स्ट्रॉबेरी जमिनीलगत लागते, मुलांच्याही हाताला येते आणि तोडताच खाता येते. हापूस आंब्याचे तसे नाही. तो झेल्याने देठासह उतरवावा लागतो. झाडावरून काढलेला तयार आंबा लगेच खाता येत नाही, त्याला अढीत काही दिवस घालवावे लागतात. देठ तुटून चीक फळावर सांडला, तर डाग पडतो. अननुभवी माणसाला झाडावर चढू देणे, हा तर जिवाशीच खेळ. अशा बागेत ग्राहकाने तोडणी पाहावी आणि अढीतील पिकलेला आंबा विकत न्यावा, हेच श्रेयस्कर.

नाशिककडील द्राक्षाचे घड हे महिनोगणती केलेल्या छाटणी-विरळणीचे फळ असते. मण्यांवरील पांढुरकी लव बोटांच्या स्पर्शाने पुसली जाते आणि मालाची प्रत घसरते. निर्यातीसाठी राखलेल्या बागेत पर्यटकांना सोडणे म्हणूनच परवडणारे नाही. एखादी ओळ त्यांच्यासाठी वेगळी ठेवून कात्रीने घड कापून देण्याची व्यवस्था करता येईल. डहाणू-घोलवडच्या चिकूलाही तोडल्यानंतर पिकण्यास अवधी द्यावा लागतो. पेरू, बोर, तुती, अंजीर यांसारखी हाताला येणारी आणि तोडताच खाता येणारी फळे मात्र या रीतीला अधिक अनुकूल आहेत.

ग्रामीण महाराष्ट्राला ही कल्पना सर्वस्वी परकी आहे, असेही नाही. हुरड्याच्या दिवसांत पाहुण्यांना शेतावर नेऊन आगटीत भाजलेली कणसे खाऊ घालण्याची प्रथा जुनीच आहे. वाटसरूने शेतातले चार दाणे पोटासाठी खाल्ले, तर त्याचा हिशेब कोणी मांडत नसे. बांधून न्यावयाचे झाल्यास मात्र धन्याला विचारावे लागे. पाहुणचाराच्या या संस्कारामुळेच अनेक शेतकऱ्यांना आलेल्या माणसाकडे प्रवेशशुल्क मागण्याचा संकोच वाटतो. परंतु चार पाहुण्यांचे आतिथ्य आणि रविवारच्या शंभर मोटारी यांत अंतर आहे. ज्याला व्यवसाय म्हणून मळा खुला करावयाचा आहे, त्याने व्यवसायाचा हिशेब ठेवणे क्रमप्राप्त आहे.

धोरणाची जोड

शेतावरच थेट विक्री करण्याच्या मार्गातील एक मोठा अडसर २०१६ मध्ये दूर झाला. त्या वर्षी राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांना बाजार समित्यांच्या आवाराबाहेर नियमनातून मुक्त केले. त्यानंतर २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण मंजूर झाले. या धोरणानुसार शेतकरी, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था इत्यादींना पर्यटन संचालनालयाकडे आपल्या कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी करता येते. अशी नोंदणी झाल्याने ग्राहकाला भरवसा वाटतो आणि शेतकऱ्यालाही कर्ज व अन्य सवलतींसाठी आधार मिळतो.

महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हा प्रदेश २००१ च्या अधिसूचनेन्वये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेला आहे. साहजिकच वाहनतळासाठी टेकडी फोडणे, झाडे तोडणे किंवा परवानगीविना पक्की बांधकामे उभारणे यांस तेथे वाव नाही. ग्राहक ज्या निसर्गासाठी घाट चढून येतो, तोच उणावला, तर फळाला गिऱ्हाईक राहील, पण मळ्याला पाहुणा उरणार नाही. दोन-तीन शेजारी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सामाईक वाहनतळ व स्वच्छतागृह केल्यास जागाही वाचते आणि प्रत्येकाचा खर्चही विभागला जातो.

ग्राहकांसाठी काही सूचना

मळ्यावर जाण्यापूर्वी तो खुला आहे किंवा नाही, याची दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळच्या थंड वेळी जावे. त्या वेळी फळ टणक असते आणि गर्दीही नसते. चालताना दोन वाफ्यांमधील सरीतूनच चालावे, वाफ्यावर पाय देऊ नये. फळ धरून ओढू नये. हिरव्या टोपीच्या वर देठ नखाने खुडावा. जे फळ पूर्ण लाल झालेले नाही, ते घरी जाऊन पिकणार नाही, म्हणून ते रोपावरच राहू द्यावे. तोडलेले फळ आपले समजावे आणि ते वाफ्यात टाकू नये.

फळ नेण्यासाठी उथळ खोका वा टोपली सोबत न्यावी. दोन-तीन थरांहून अधिक फळे एकावर एक रचू नयेत. मोटारीत ती उन्हाच्या बाजूस किंवा मागील तापलेल्या कप्प्यात न ठेवता पायांजवळ सावलीत ठेवावीत. घरी पोचताच दबलेली फळे वेगळी काढून ती त्याच दिवशी संपवावीत. उरलेली न धुता शीतकपाटात ठेवावीत आणि खाण्याच्या वेळीच धुवावीत. दोन-तीन दिवसांत संपतील एवढीच फळे तोडणे हे सर्वांत उत्तम. चार माणसांच्या कुटुंबास एक किलो पुरेशी होत असतील, तर टोपली भरण्याच्या उत्साहात तीन किलो तोडणे म्हणजे दोन किलोंचे पैसे नासाडीवर घालविणे होय.

मुलांना मळ्यात नेताना आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. शेतकऱ्याला अगर मळ्यातील मजूर भगिनींना थोडा वेळ मागून घ्यावा. रोप कोठून येते, पाणी कसे दिले जाते, पहाटेच्या थंडीत वाकून तोडणी कशी केली जाते, हे मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्यावे. अर्धा तास वाकून फळे तोडल्यावर कंबर कशी धरते, याचा अनुभव त्यांनी नुकताच घेतलेला असतो. तेच काम दिवसचे दिवस करणाऱ्या हातांची किंमत त्यांना एरवी कोणत्याही पुस्तकातून एवढी नेमकी कळणार नाही.

फळमळ्याची सहल ही काटकसर नव्हे आणि उधळपट्टीही नव्हे. खर्च कशावर होतो हे ठाऊक असेल, तर ती दोन्ही पक्षांच्या हिताची ठरते. ग्राहकाने हवे तेवढेच तोडावे आणि तोडलेले नासू देऊ नये. शेतकऱ्याने दर दारातच सांगावा आणि आपला खर्च काढल्याशिवाय मळा खुला करू नये. एवढे पथ्य पाळले गेले, तर काट्यावर टोपली चढताना एकाच्या कपाळाला आठी पडणार नाही आणि सायंकाळी वाफे आवरताना दुसऱ्याला पश्चात्ताप होणार नाही. पुढल्या हिवाळ्यात तीच मोटार त्याच मळ्यापाशी पुन्हा थांबेल.